तीन दप्तरे, एक माणूस : बेने इस्राएल घराण्यांच्या वंशशोधाची साधने

मुंबई–पुणे लोहमार्गावर लोणावळ्याकडून पुण्याकडे येताना लागणारे देहूरोड हे छावणीचे गाव आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात येथे लष्कराचे आयुध आगार उभे राहिले आणि त्याच्या आधाराने वसलेल्या वस्तीत नोकरीच्या निमित्ताने ठिकठिकाणची माणसे येऊन राहिली. अशा गावातील बहुतेक घरांत 'राहण्याचे गाव' आणि 'मूळ गाव' असे दोन शब्द वेगवेगळे वापरले जातात, आणि या दोहोंमधील अंतर किती मोठे आहे याची जाणीव मुलाच्या जातपडताळणीची वेळ आली की होते. अनुसूचित जातींसाठी १९५०, विमुक्त व भटक्या जमातींसाठी १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १९६७ या मानीव वर्षांपूर्वीचा पुरावा मागितला जातो. मग आजोबांच्या शाळेचे जनरल रजिस्टर, मूळ तालुक्याच्या अभिलेख कक्षातील कोतवाल बुक, जुना फेरफार आणि गहाणखत यांच्या नकला मिळवण्यासाठी खेपा सुरू होतात. वंशशोध, म्हणजे सरकारी व सार्वजनिक नोंदींच्या आधारे घराण्याच्या मागील पिढ्या निश्चित करण्याचे शास्त्र, महाराष्ट्रात अशा रीतीने घरोघरी वापरले जाते, मात्र त्याला शास्त्र म्हणून कोणी ओळखत नाही.

याच साधनांचा उपयोग करून ज्यांच्या घराण्यांचा इतिहास बराच मागे नेता येतो, असा एक लहान मराठीभाषक समाज म्हणजे कोकणातील बेने इस्राएल होय. 'बेने इस्राएल' या हिब्रू शब्दांचा अर्थ 'इस्राएलची मुले' असा आहे. पूर्वज जहाज फुटून अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला लागले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, अशी या समाजाची परंपरा सांगते. शतकानुशतके कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, भागातील खेड्यांत राहून हे लोक तेलाचे घाणे चालवीत, आणि शनिवारी, म्हणजे शब्बाथच्या दिवशी, घाणा बंद ठेवीत असल्यामुळे शेजारी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. अठराव्या शतकाच्या मध्यापासून ही घराणी मुंबईत, तेथून पुणे, ठाणे, कराची, एडन आणि रंगून येथे, आणि १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्राएलमध्ये गेली. १९५१ च्या जनगणनेत भारतातील ज्यूंची संख्या २६ हजारांच्या घरात होती, ती १९७१ मध्ये सहा हजारांच्या आत आली. त्यामुळे आज पणजोबांचा शोध घेणारा अश्दोद किंवा दिमोना येथे आणि पणजोबांची नोंद रायगड जिल्ह्यातील तहसील कचेरीत, अशी स्थिती झाली आहे.

या शोधातील मुख्य अडचण कागद नसण्याची नाही. एकच माणूस वेगवेगळ्या दप्तरांत वेगवेगळ्या नावांनी, वेगवेगळ्या लिप्यांत आणि वेगवेगळ्या सनांत नोंदलेला असतो, आणि ही नावे एकाच माणसाची आहेत हे सिद्ध करणे हेच वंशशोधकाचे खरे काम ठरते.

नावाची तीन रूपे

बेने इस्राएल पुरुषाच्या नावाला साधारणपणे तीन रूपे असतात. पहिले हिब्रू, जे मुलाच्या आठव्या दिवशी सुंतेच्या विधीत ठेवले जाते आणि प्रार्थनालयात, विवाहपत्रात व थडग्यावर वापरले जाते. दुसरे मराठी, जे गावात आणि महसुली दप्तरात चालत असे. तिसरे इंग्रजी, जे पलटणीत, मिशनच्या शाळेत किंवा रेल्वेच्या नोकरीत दाखल होताना लिहिले गेले. मराठी रूपे हिब्रू नावांवरूनच घडलेली आहेत. सॅम्युएलचा समाजी, इझिकेलचा हसाजी, बेंजामिनचा बनाजी, अब्राहमचा अब्राजी, आयझॅकचा इसाजी, एलिजाचा एलोजी आणि मोझेसचा मुसाजी होतो. मुंबईतील पहिले बेने इस्राएल प्रार्थनालय 'शाआर हारहमीम' १७९६ मध्ये ज्यांनी बांधले, ते ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतील अधिकारी इंग्रजी कागदांत 'सॅम्युएल इझिकेल दिवेकर' म्हणून आणि स्वसमाजात 'समाजी हसाजी दिवेकर' म्हणून ओळखले जातात. जोड्यांचा हा तक्ता हाताशी नसेल, तर ही दोन स्वतंत्र माणसे वाटण्याचा संभव आहे.

नावाचा चौथा घटक आडनाव होय, आणि तेथे या समाजाच्या वंशशोधकाला इतर देशांतील ज्यू वंशशोधकांना क्वचित मिळणारी सोय लाभते. किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, अष्टमीचे अष्टमकर, झिराडचे झिराडकर, नागावचे नागावकर अशी गावावरून पडलेली सुमारे दीडशे आडनावे या समाजात आढळतात. समाजाचे पहिले इतिहासकार हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८९७ मध्ये पूर्ण केलेला आणि १९३७ मध्ये तेल अवीवला प्रसिद्ध झालेला इंग्रजी ग्रंथ या आडनावांच्या अभ्यासाचा आजही पाया मानला जातो. पोलंड किंवा रशियातून अमेरिकेत गेलेल्या ज्यू कुटुंबाला मूळ गाव शोधण्यासाठी जहाजाची उतारूयादी आणि नागरिकत्वाचा अर्ज धुंडाळावा लागतो. कोकणी ज्यू कुटुंबाचे मूळ गाव मात्र पुष्कळदा त्याच्या आडनावातच असते.

या सोयीला दोन मर्यादा आहेत. एक म्हणजे दिवेकर, पेणकर, नागावकर ही आडनावे कोकणातील इतर अनेक जातींतही आहेत, म्हणून केवळ आडनावावरून कुटुंब ठरवता येत नाही. दुसरी अधिक गंभीर आहे. इंग्रजी व्यवहारात या समाजातील अनेकांनी गावाचे आडनाव गाळून वडिलांचे नाव किंवा 'इस्राएल' हा शब्दच आडनावाच्या जागी वापरला. मुंबईचे महापौर झालेले डॉ. ई. मोझेस हे घराण्याने राजपूरकर होते, परंतु महालक्ष्मी–वरळी भागातून जाणाऱ्या रस्त्याला 'ई. मोझेस रोड' असेच नाव पडले. जंजिरा संस्थानाचे कारभारी शालोम बापूजी यांच्या नावापुढे सरकारी कागदांत 'इस्राएल' लागते, वरघरकर हे घराण्याचे आडनाव लागत नाही. अशा वेळी गावाकडे नेणारा दुवा तुटतो आणि तो पुन्हा जोडण्यासाठी एखादे मृत्युपत्र, विवाहपत्र किंवा शाळेची नोंद शोधावी लागते.

गावचे दप्तर

वंशशोधाचा पहिला नियम असा की, ज्ञात माणसापासून आरंभ करून एकेक पिढी मागे जावे. प्रसिद्ध पूर्वजापासून खाली उतरू नये. या क्रमाने मागे जाताना महाराष्ट्रात बहुधा पहिला भक्कम कागद मिळतो तो शाळेचा. जनरल रजिस्टरात विद्यार्थ्याचे व वडिलांचे नाव, जात किंवा धर्म, जन्मतारीख, जन्मस्थळ, आधीची शाळा आणि शाळा सोडण्याचे कारण हे रकाने असतात. वडिलांची बदली झाल्यामुळे शाळा सोडली, एवढ्या शेऱ्यावरून कुटुंबाच्या स्थलांतराचे वर्ष निश्चित होऊ शकते. मुंबईत १८७५ मध्ये स्थापन झालेली इस्रायलाइट शाळा, जी पुढे सर एली कदूरी यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली, ही या दृष्टीने महत्त्वाची आहे. मुंबई विद्यापीठाच्या जुन्या कॅलेंडरांत, म्हणजे वार्षिक माहितीपुस्तकांत, पदवीधरांची नावे वर्षवार छापलेली असल्यामुळे शिकलेल्या शाखांचा मागोवा त्यांतून घेता येतो.

त्यामागची पायरी कोतवाल बुकाची आहे. गावातील जन्म आणि मृत्यू यांची नोंद ठेवण्याचे काम गावकामगारांकडे असल्यामुळे या वहीला लोकव्यवहारात हे नाव पडले, आणि महसुली परिभाषेत ती 'गाव नमुना १४' म्हणून ओळखली जाते. जन्ममृत्यू नोंदणीचा आजचा केंद्रीय कायदा १९६९ चा आहे. त्यापूर्वीची खेड्यातील नोंद पाहावयाची तर बहुधा याच वह्या उघडाव्या लागतात. या वहीत जन्माच्या नोंदीपुढे मुलाचे नाव पुष्कळदा नसते. बापाचे नाव, जात आणि 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढेच असते, कारण नोंद झाली तेव्हा बारसे किंवा, या समाजाच्या बाबतीत, सुंतेचा विधी झालेला नसे. म्हणून नक्कल मागताना मुलाच्या नावावर भिस्त न ठेवता बापाचे नाव, गाव आणि आगेमागे चार-पाच वर्षांचा कालखंड द्यावा लागतो.

जमिनीचे कागद तिसऱ्या पायरीवर येतात. १९०३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीला सुरुवात झाली, आणि तेव्हापासून खातेदार मरण पावला की वारसांची नावे फेरफार नोंदवहीत चढू लागली. 'अमुक मयत, वारस पत्नी अमुक, मुलगे अमुक व अमुक' अशा स्वरूपाचा वारस फेरफार म्हणजे तीन ओळींतला वंशवृक्षच होय, आणि मुलींची नावे त्यात असली तर त्यांच्या सासरच्या घराण्यांपर्यंतही पोचता येते. छावणीच्या हद्दीत मात्र ही पद्धत चालत नाही. तेथील जमीन संरक्षण खात्याच्या जनरल लँड रजिस्टरमध्ये नोंदलेली असते, आणि जन्ममृत्यूची नोंद छावणी परिषद ठेवते. पुणे, खडकी किंवा देहूरोड यांसारख्या छावणीत राहिलेल्या कुटुंबाचा सातबारा शोधण्यात वेळ घालवण्यापूर्वी ते घर छावणीच्या हद्दीत होते की गावाच्या, हे पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचे मराठी दप्तर मोठ्या प्रमाणात मोडी लिपीत आहे. मोडीत शब्द न तोडता ओळ सलग लिहिली जाते आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही. याचा परिणाम परक्या नावांवर विशेष होतो. 'इसाजी' हे नाव वाचणाऱ्याच्या सवयीमुळे 'येसाजी' असे उतरवले जाऊ शकते आणि मग एक ज्यू पूर्वज नकळत मराठा होऊन बसतो. 'बनाजी' हे पारशांत आडनाव आहे आणि 'मुसाजी' हे नाव मुसलमान वाटते, म्हणून केवळ नाव पाहून ओळ वगळली तर हवा असलेला माणूस हातचा जातो. जुन्या नोंदी वाचताना नावाआधी जातीचा रकाना पाहण्याची सवय याचसाठी सांगितली जाते. तेथे 'बेने इस्राएल', 'इस्राईल', 'यहुदी', 'तेली' किंवा 'शनवार तेली' यांपैकी काहीही असू शकते.

पलटण, रेल्वे आणि न्यायालय

एकोणिसाव्या शतकात कोकण सोडलेल्या बेने इस्राएल तरुणाचा पहिला मुक्काम पुष्कळदा पलटणीत पडे. मुंबईच्या फौजेतील अनेक नेटिव्ह इन्फंट्री पलटणींत या समाजाचे शिपाई, हवालदार, सुभेदार आणि सुभेदार-मेजर होते, आणि लोकसंख्येच्या मानाने अधिकाऱ्यांचे प्रमाण मोठे होते. शतकाच्या अखेरीस एकेका जातीच्या स्वतंत्र कंपन्या उभारण्याचे धोरण आले, स्वतःची कंपनी भरण्याइतकी संख्या या लहान समाजाकडे नव्हती, आणि ही परंपरा ओसरून तरुण कारकुनी, रेल्वे, पोस्ट, वैद्यक व शिक्षण या क्षेत्रांकडे वळले. या बदलामुळे वंशशोधकाला साधारण एका पिढीच्या अंतराने दप्तरही बदलावे लागते.

भरतीच्या वेळी शिपायाचे नाव, बापाचे नाव, जात, गाव, परगणा, उंची आणि अंगावरच्या खुणा लिहून घेतल्या जात, आणि पुढील काळात सैनिकाच्या या सेवापत्राला 'शीट रोल' म्हटले जाऊ लागले. छापील आर्मी लिस्टमध्ये अधिकाऱ्यांची नावे व पदे आढळतात. मुंबईतील महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागार, ज्याची सुरुवात १८२१ मध्ये झाली, आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसचे दप्तर ही या कागदांची दोन मोठी ठाणी आहेत. खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १८५८ मध्ये आणि बोरघाटाची चढण १८६३ मध्ये खुली झाल्यावर मुंबई आणि पुणे एका रुळावर आली, आणि छावणी, दारूगोळ्याचे कारखाने व रेल्वे यांच्या नोकऱ्यांबरोबर कुटुंबेही या मार्गावर ये-जा करू लागली. रेल्वेच्या सेवापुस्तकात बदल्यांची ठिकाणे क्रमाने असतात, आणि भविष्यनिर्वाह निधीच्या कागदावर नामनिर्देशित वारसाचे नाव व नाते असते.

न्यायालयाचे दप्तर या समाजाच्या बाबतीत विशेष समृद्ध असण्यामागे कायद्याचे एक कारण आहे. हिंदू आणि मुसलमान यांच्या वारशाला त्यांचे वैयक्तिक कायदे लागू होते, परंतु ज्यूंना असा वेगळा वारसा कायदा नसल्यामुळे १८६५ चा आणि नंतर १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू झाला. परिणामी मृत्युपत्राचे प्रोबेट, म्हणजे न्यायालयाने मृत्युपत्र खरे मानल्याचा दाखला, घेण्याचा परिपाठ या समाजात रुजला. मृत्युपत्रात पत्नी, मुले, सुना, नातवंडे, कर्जाऊ दिलेली रक्कम, दागिने आणि प्रार्थनालयाला दिलेली देणगी या सर्वांचा उल्लेख येतो, आणि लिहिणाऱ्याचे गावचे आडनाव इंग्रजी व्यवहारात गळलेले असले तरी गावच्या जमिनीच्या वर्णनातून ते गाव पुन्हा समोर येते.

प्रार्थनालय आणि थडगे

सरकारी दप्तराला पूरक असे दुसरे दप्तर धर्मसंस्थांचे असते. विवाहाच्या वेळी लिहिला जाणारा 'केतुबा', म्हणजे वराने वधूला दिलेल्या वचनाचा अरामी भाषेतील लेख, वधूवर आणि दोघांचे वडील यांची हिब्रू नावे, ठिकाण व दिनांक देतो. पुण्यात रास्ता पेठेतील 'सुक्कथ शेलोमो' हे बेने इस्राएलांचे प्रार्थनालय १९२१ चे आहे, तर छावणी भागातील 'ओहेल डेव्हिड', ज्याला पुणेकर 'लाल देऊळ' म्हणतात, ते १८६७ मध्ये पूर्ण झालेले आणि बगदादी ज्यू डेव्हिड ससून यांच्या घराण्याने बांधलेले आहे. देहूरोडहून लोकलने पुण्याला उतरणाऱ्या अभ्यासकाला ही दोन्ही आणि पुण्याचे पुराभिलेखागार, म्हणजे पूर्वीचे पेशवे दप्तर, एका दिवसात पाहता येण्याइतकी जवळ आहेत. कोकणात अलिबागच्या इस्राएल आळीतील 'मागेन आबोथ', तसेच पेण, पनवेल आणि रेवदंडा येथील प्रार्थनालये याच कारणासाठी महत्त्वाची ठरतात. ही प्रार्थनालये १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली असतील, तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातील बदल अर्जांतून विश्वस्तांच्या नावांची पिढ्यान्‌पिढ्यांची साखळी मिळते.

थडग्यावरचा लेख वाचणे हे यातील सर्वांत नाजूक काम असून, त्याची रीत एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका कुटुंबाला तीन कागद सापडले आहेत. झिराडच्या जमिनीच्या कागदात 'इसाजी वलद बनाजी, तेली' अशी नोंद आहे. 'वलद' म्हणजे अमक्याचा मुलगा. पलटणीच्या पेन्शनपत्रकात 'आयझॅक बेंजामिन, हवालदार' आहे. थडग्यावर हिब्रूत 'यित्झाक बेन बिन्यामीन' असून 'बेन' म्हणजेही मुलगाच. नावांचा तक्ता लावला की तिन्ही ठिकाणी बापलेकांची जोडी एकच भरते, परंतु इसाजी आणि बनाजी ही नावे समाजात इतकी रूढ आहेत की तेवढ्यावर निर्णय देता येत नाही. निर्णायक काम तारखेचे असते.

हिब्रूत अंकांऐवजी अक्षरांची मूल्ये वापरून वर्ष लिहितात. थडग्यावर ताव, रेश, मेम आणि दालेत ही चार अक्षरे असतील, तर त्यांची मूल्ये अनुक्रमे ४००, २००, ४० आणि ४ होत, आणि बेरीज ६४४ येते. हजारांचा आकडा बहुधा गाळलेला असतो, तो पाच हजार धरला की वर्ष ५६४४ मिळते. हिब्रू वर्ष शरद ऋतूत सुरू होते, म्हणून त्यातून वर्षारंभापासून डिसेंबरपर्यंत ३७६१ आणि जानेवारीपासून वर्षअखेरपर्यंत ३७६० वजा करतात. महिना 'अदार' आणि दिवस दहावा असेल, तर ही तारीख ७ मार्च १८८४ च्या सुमाराची ठरते. आता पेन्शनपत्रकात हवालदाराचे पेन्शन मार्च १८८४ मध्ये मृत्यूमुळे बंद झाल्याचा शेरा असेल, आणि झिराडच्या कागदात 'शके १८०५, फाल्गुन' या मितीला इसाजी मयत म्हटले असेल, तर तिन्ही माणसे एकच आहेत असे म्हणण्यास भक्कम आधार मिळतो. येथे एक खोच आहे. शकात ७८ मिळवून इसवी सन काढण्याच्या सवयीने १८०५ चे १८८३ होतात, परंतु फाल्गुन हा शकवर्षाचा शेवटचा महिना इसवी सनाच्या पुढच्या वर्षाच्या आरंभी येत असल्यामुळे ७९ मिळवावे लागतात. हे लक्षात न आल्यास जुळणारा कागद न जुळणारा ठरवून बाजूला ठेवला जाईल.

मराठी वाचकाला हिब्रू पंचांग परके वाटण्याचे कारण नाही, कारण दोन्ही पंचांगे चांद्र महिन्यांची असून सूर्याशी मेळ राखण्यासाठी अधिक महिना घेतात. शुक्ल पक्षात हिब्रू दिनांक आणि तिथी जवळजवळ बरोबरीने चालतात, म्हणून वरील उदाहरणातील दहावा अदार फाल्गुन शुद्ध नवमी-दशमीच्या आसपास येतो. फरक असा की, हिब्रू पंचांगात एकोणीस वर्षांत सात वेळा येणारा अधिक महिना नेहमी अदारच असतो, तर आपला अधिक मास जागा बदलत राहतो, आणि त्यामुळे काही वर्षी महिन्यांच्या जोड्या एका महिन्याने सरकतात. शिवाय हिब्रू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. रात्री झालेल्या मृत्यूची तारीख थडग्यावर आणि कोतवाल बुकात एका दिवसाने वेगळी निघाली, तर ती चूक न मानता दोन्ही नोंदी आपापल्या जागी बरोबर मानाव्या लागतात.

बाहेरून आलेले आणि बाहेर गेलेले

महाराष्ट्रातील सर्वच ज्यू कोकणातील नव्हेत. बगदाद आणि आसपासच्या भागातून आलेल्या बगदादी ज्यूंपैकी डेव्हिड ससून १८३२ मध्ये मुंबईत आले. परदेशी जन्मलेल्याला ब्रिटिश प्रजाजन होण्याची तरतूद हिंदुस्थानात १८५२ च्या कायद्याने झाली आणि १८५३ मध्ये ससून यांनी तिचा लाभ घेतला. नागरिकत्वाच्या कागदावर त्यांनी हिब्रूत सही केली. अशा घराण्यांच्या बाबतीत गावच्या दप्तराचा उपयोग नसतो. नागरिकत्वाचे अर्ज, विश्वस्तपत्रे, व्यापारी डिरेक्टऱ्या आणि मृत्युपत्रे हीच त्यांची साधने होत. तिसरा प्रवाह १९३३ नंतर नाझी राजवटीतून सुटून आलेल्या मध्य युरोपीय ज्यूंचा आहे. त्यांच्या मदतीसाठी मुंबईत १९३४ मध्ये ज्यूइश रिलीफ असोसिएशन स्थापन झाली, परंतु १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच जर्मन पारपत्रामुळे त्यांपैकी काहींना शत्रुराष्ट्राचे नागरिक समजून अहमदनगरच्या छावणीत ठेवले गेले, आणि पुढे पुरंदर व सातारा येथेही अशा लोकांना नजरबंद ठेवण्यात आले. परदेशी नागरिकांची नोंदणी आणि नजरबंदीच्या फायली हे त्यांच्या कुटुंबांच्या इतिहासाचे दप्तर असून, दिल्लीचे राष्ट्रीय अभिलेखागार त्यासाठी पाहावे लागते.

युरोप-अमेरिकेतील वंशशोधाची पुस्तके वाचून येथे काम सुरू करणाऱ्याला एक धक्का बसतो. तेथे जुन्या जनगणनेची घरनिहाय पत्रके ठराविक वर्षांनी खुली होतात आणि शोधाची सुरुवात तेथूनच होते. हिंदुस्थानात आकडे काढून झाल्यावर ती पत्रके जतन केली गेली नाहीत, आणि १९४८ चा जनगणना कायदा व्यक्तिगत माहिती गोपनीय ठेवतो. येथील जनगणना समाजाची संख्या देते, माणसाचे नाव देत नाही. ही उणीव अंशतः भरून निघते ती गॅझेटियरांनी. कुलाब्याचे १८८३ चे आणि पुण्याचे १८८५ चे गॅझेटियर बेने इस्राएलांच्या वस्त्या, व्यवसाय, चालीरीती आणि नावांची माहिती देतात, आणि कोणत्या तालुक्यात शोध घ्यावा याचा अंदाज त्यांवरून बांधता येतो. समाजाचे छापील साहित्यही साक्ष देते. १८७४ मध्ये पुण्यात छापलेला 'हागादा', म्हणजे वल्हांडण सणाच्या रात्री वाचावयाचा हिब्रू-मराठी ग्रंथ, हा त्याचा एक प्रसिद्ध नमुना होय.

कागदांचे हे महत्त्व केवळ जिज्ञासेपुरते राहिले नाही. १९६२ मध्ये इस्राएलच्या मुख्य धर्मपीठाने बेने इस्राएल वधूवरांच्या विवाहापूर्वी त्यांच्या आईच्या, आजीच्या आणि शक्य तितक्या मागच्या पिढ्यांच्या ज्यू असण्याची चौकशी करण्याचे निर्देश काढले. कोकणातील खेड्यातून आलेल्या माणसाला पणजीचे वंशप्रमाण मागणारा हा आदेश समाजाला अपमानास्पद वाटला. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये धरणे धरले गेले, ऑगस्ट महिन्यात इस्राएलच्या संसदेने बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यू असल्याचा ठराव केला, आणि धर्मपीठाला निर्देशातील शब्द बदलावे लागले. नोंद ही घराण्याची ठेव असते, त्याचप्रमाणे ती दुसऱ्याच्या हातातील कसोटीही होऊ शकते, हे या प्रसंगातून दिसले. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, आणि 'इतर' या रकान्यात मोडणाऱ्या समाजाला सरकारी नोंदींत स्वतःच्या नावाची जागा मागण्याचा आधार मिळाला.

कागद मागे नेता येतात त्यालाही एक टोक असते. हक्कनोंदणी विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत, पलटणीची पत्रके एकोणिसाव्यापर्यंत आणि मोडी दप्तर, नशीब चांगले असेल तर, अठराव्यापर्यंत पोचवते. नवगावच्या किनाऱ्यावर उतरलेल्या सात जोडप्यांपर्यंत कोणतेही दप्तर पोचत नाही, आणि वंशवृक्ष काढणाऱ्याने तेथील चौकटी परंपरेच्या भरवशावर भरू नयेत. परंतु एखाद्या गावच्या जुन्या वहीत जातीच्या रकान्यात 'शनवार तेली' हे दोन शब्द सापडले, तर त्यांचे मोल वंशवृक्षातील एखाद्या नावापेक्षा कमी नाही. ती नोंद करणाऱ्या कारकुनाला तोरा हा ज्यूंचा धर्मग्रंथ किंवा शब्बाथ माहीत असण्याची गरज नव्हती. आठवड्यातून एक दिवस या घराचा घाणा फिरत नाही, एवढे गाव पाहत आले होते, आणि जे गाव म्हणत होते तेच त्याने रकान्यात उतरवले. ज्या धर्मनिष्ठेचा दाखला पुढे जेरुसलेममध्ये मागितला गेला, तो येथे शेजाऱ्यांनीच, न मागता, देऊन ठेवला होता.